मदत हवी आहे: फास्टएपीआयच्या स्कीमात मराठी वर्णन लिहायचंय, पण फ्लेक८ ऐकत नाही

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. इथल्या एका मराठी वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचं एपीआय (ॲपला माहिती पुरवणारा प्रोग्राम) फावल्या वेळात पायथनच्या फास्टएपीआय फ्रेमवर्कमध्ये लिहिलंय. स्वॅगरचं पान (एपीआयच्या स्कीमावरून आपोआप बनणारं माहितीपान) तिथले काका वाचून तपासतात, म्हणून पिडँटिकच्या (डेटाचा साचा, म्हणजे स्कीमा, ठरवणारी लायब्ररी) प्रत्येक फील्डला मराठीत डिस्क्रिप्शन द्यायचं ठरलं. गरज होतीच. दंडाचं फील्ड पैशांत आहे. ॲप करणाऱ्या माझ्या भाच्याने ते रुपये समजून एका आजींना २ रुपयांऐवजी २०० रुपये दंड दाखवला. आजी थेट काउंटरवर!

अडचण अशी की फ्लेक८ हा लिंटर (कोडची मांडणी तपासणारं साधन) ओळ ७९ कॅरेक्टरच्या पुढे गेली की ई५०१, म्हणजे 'ओळ फार लांब' अशी चूक देतो. त्यात मराठी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. 'पुस्तक' आपल्याला तीन अक्षरं, पायथनला सहा, कारण उकार आणि हलन्तही तो वेगळे मोजतो. डोळ्याला ओळ आखूड दिसते आणि लिंटर मात्र लाल.

शनिवारी रात्री सराफ्यातून जेवून आलो आणि बसलो. ब्लॅक (कोड आपोआप नीट मांडणारं साधन) चालवून पाहिलं, तो लांब स्ट्रिंग आपणहून तोडत नाही. तिहेरी अवतरणात लिहिलं तर डाव्या बाजूच्या मोकळ्या जागाही जशाच्या तशा स्कीमात शिरल्या. कंसात दोन तुकडे केले, तर पहिल्याच्या शेवटी स्पेस विसरलो आणि पानावर छापून आलं 'दंडाचीरक्कम'. याबद्दल लिंटर चकार शब्द बोलला नाही! प्रत्येक ओळीला नोक्यूए ('ही ओळ तपासू नको' अशी टीप) लावायला मन होत नाही, मग लिंटर ठेवायचाच कशाला?

फील्डचं वर्णन लिहायची सुटसुटीत पद्धत आहे का?

उत्तर: पिडँटिक २.७ किंवा पुढचं आहे ना? मॉडेलच्या कॉन्फिगमध्ये 'यूज ॲट्रिब्यूट डॉकस्ट्रिंग्ज' ट्रू करा (शब्द अंडरस्कोरने जोडून). मग फील्डच्या लगेच खाली तिहेरी अवतरणात वर्णन लिहायचं, तेच स्कीमात डिस्क्रिप्शन म्हणून जातं. डावीकडच्या जागा तो स्वतः काढतो. ओळी मात्र तुम्हालाच तोडाव्या लागतील. आणि त्याला सोर्स फाइल वाचावी लागते, तेव्हा पायथनच्या प्रॉम्प्टवर टाइप करून पाहू नका, तिथे वर्णन रिकामं दिसू शकतं.

धागाकर्ता: भिया, चाललं! २.६ वर होतो, अपग्रेड केलं. फ्लेक८ गप्प. दंडाच्या फील्डखाली सगळ्यात आधी लिहिलं: 'रक्कम पैशांत. २०० म्हणजे २ रुपये.' भाच्याला लिंक पाठवली आहे.