वणवा आणि वस्ती: आधी घर सज्ज करायचं की बाहेर पडायची तयारी?

रानझरा: वणव्याचा विषय निघाला की सगळे जंगलाकडे बोट दाखवतात. गवत कापा, जाळरेषा काढा. पण वस्तीतली बरीचशी घरं ज्वाळांनी नाही, ठिणग्यांनी पेटतात. वाऱ्यावर उडालेले निखारे आगीच्या किलोमीटरभर पुढे जाऊन पडतात आणि वाळका पाला साठलेला असेल तिथे धरतात: पन्हळीत, वळचणीला, लाकडी पायरीच्या फटीत. अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडात मुद्दाम पेटवलेल्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या. १० मीटरवरच्या काही पेटल्या, २० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणून पहिली मेहनत घरावर आणि भिंतीलगतच्या दीड मीटरवर व्हावी. त्या पट्ट्यात झुडूप नको, सरपण नको, काथ्याचं पायपुसणंसुद्धा नको. नुसती खडी. हवेच्या झरोक्यांना तीन मिलिमीटरची धातूची जाळी. ज्याचं त्यानं करावं, सरकारची वाट बघू नये.

पाऊलवाट: मला हे धोक्याचं वाटतं. खडी टाकली, जाळी बसवली की माणसाला वाटतं आता आपलं घर झुंजेल, आणि तो शेवटपर्यंत हलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात धोरणच तसं होतं: तयारी करून थांबा आणि घर वाचवा, नाहीतर लवकर निघा. ७ फेब्रुवारी २००९ च्या आगींत १७३ माणसं गेली, त्यातली ११३ घरांत. त्यानंतर तिथे इशाऱ्याची सर्वांत वरची पायरी नव्याने आली. तो इशारा असेल त्या दिवशी घर लढवायचं नाही, आधीच निघायचं. घर परत बांधता येतं हो!

रानझरा: घर सज्ज करा म्हणजे आत थांबा, असं मी कुठे म्हटलं? उलट सज्ज घराला राखणदार लागत नाही. ठिणगी पडली तरी तिला धरायला काही मिळत नाही, म्हणून निर्धास्त निघता येतं.

माळकरी: निघा म्हणणं सोपं आहे. कधी आणि कुठल्या वाटेनं? पोर्तुगालमध्ये पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यात, जून २०१७ मध्ये, ६६ जण गेले आणि त्यातले ४७ एकाच रस्त्यावर. ती माणसं निघालीच होती, पण आग अंगावर आल्यावर. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइजमध्ये विभागवार बाहेर काढायची योजना होती, सरावही झाला होता. तरी २०१८ मध्ये आग इतकी झपाट्याने आली की रस्ते तुंबले. ८५ मृत्यू, बहुतेक वृद्ध. पोर्तुगालने पुढच्या वर्षी केलं ते मला पटतं: गावागावात एक जबाबदार माणूस, आसऱ्याची ठरलेली जागा आणि सराव. रस्ता बंद झाला तर जायचं कुठे, हे आधीच ठरलेलं हवं.

उंबरठा: माझा आक्षेप ‘ज्याचं त्यानं’ला आहे. दाट वस्तीत आग एकदा घरांत शिरली की घरच घराला पेटवतं. शेजारचं घर धडाडून पेटलं तर माझ्या दीड मीटर खडीनं काय होणार? ही कामं सक्तीचीच हवीत. आणि सक्तीबरोबर मदतही हवी. ऐंशीच्या आजींनी पन्हळ साफ करायला शिडीवर चढायचं का?

रानझरा: मदत एकशे एक टक्के हवी. सक्तीबद्दल मात्र शंका आहे. कॅलिफोर्नियात २००८ पासून धोक्याच्या भागात नवीन घरांना कडक बांधकाम नियम आहेत, ते योग्यच. पण जुन्या घराचं छप्पर बदला म्हणून नोटीस धाडली तर ज्याच्याकडे पैसे नाहीत तो काय करणार? दंड भरणार, आणि छप्पर आहे तसंच राहणार.

उंबरठा: मग छपरासाठी अनुदान द्या. पाला काढायला पैसे लागत नाहीत, तिथे तरी सक्ती करा.

पाऊलवाट: आणि पाला काढायला गल्लीत फिरालच, तर तेव्हाच यादी करा: कुणाकडे गाडी नाही, कुणाला चालता येत नाही, रात्री कुणाला फोन ऐकू येत नाही. प्रत्येक नावापुढे त्यांना कोण घेऊन निघणार ते लिहा. हे मी घराच्या आधी ठेवतो, आणि ठेवणारच.