दुकानात चालणारं कार्ड ऑनलाइन का अडतंय?

नंदगडकर
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. धाकट्या बहिणीची कोल्हापूरच्या कॉलेजची फी भरायची हाय, १८,५०० रुपये. परवा शेवटची तारीख. काल रात्रीपासून क्रेडिट कार्डावर तीनदा प्रयत्न केला. नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, एकेकावर बोट ठेवून तपासले. ओटीपी येतच नाही, थेट ‘डिक्लाइन्ड’. मर्यादा ६० हजारांची, वापरलेत जेमतेम चार. शनिवारी हेच कार्ड बेळगावात खडेबाजारात मशीनमध्ये घातलं, एका दमात चाललं. भाताचे पैसे बाबांनी बियाण्या-खताला ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही. कुणाला नेमकं ठाऊक असेल तर सांगा की.

टिळकवाडीचे काका
अरे, ओटीपीच्या आधीच नाकारलं ना, तिथंच बघ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि नुसतं टेकवून होणारे व्यवहार आपण सुरू करायचे. आधीच्या ज्या कार्डांवर ऑनलाइन व्यवहार कधीच झाला नव्हता, त्यांचीही ती सोय बंद करायला सांगितली होती. मी बँकेतून निवृत्त झालो. कार्ड खराब आहे म्हणून बदलून मागायला लांबून लांबून माणसं यायची, आणि बटण तेवढं बंद असायचं. फार वाईट वाटायचं. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड उघड, तिथंच मिळेल.

शहापूरची वहिनी
माझ्याकडं ओटीपी जुन्या नंबरावर जात होता. पुण्यातलं सिम बंद केलं, बँकेत नंबर बदलायचा राहिला. तोही बघून घ्या भाऊ. आणि घाईत परत परत आकडे घालू नका, चुकले की बँक कार्डच अडवून ठेवते. पैसे कापले गेले आणि कॉलेजकडं नोंद नाही, असं झालं तर घाबरू नका. पाच दिवसांत परत यायला पाहिजेत, त्यापुढं उशिराला दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते. फक्त व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा.

नंदगडकर
भरली! बटण बंदच होतं काका. चालू केलं तरी पुन्हा नाकारलं, तेव्हा पोटात गोळाच आला. मग त्याच पानावर खाली गेलो, तर ऑनलाइनची दिवसाची मर्यादा वेगळीच, ५,०००. ती २०,००० केली. घरात रेंज नाही म्हणून माळ्यावरच्या खिडकीत फोन धरून बसलो, ओटीपी तिथं आला. पावती बहिणीनं मोठ्यानं वाचून आईला ऐकवली. वहिनी, नंबर माझा चालूच हाय, पण तपासला. आता मर्यादा परत खाली आणू काय?

टिळकवाडीचे काका
आण, आणि बटणही बंद करून ठेव. पुढच्या फीला दोन मिनिटांत परत चालू होतं. बहिणीला माझे आशीर्वाद सांग.