धावपळीत रोजची प्रार्थना कशी बसवायची? (वसई ते अंधेरी, घरी दोन लहान मुलं)

पापडीची

वसई ते अंधेरी असा रोजचा प्रवास आहे. पहाटे साडेपाचला उठायचं, तीन डबे, मुलांची तयारी, मग सातच्या सुमाराची गाडी. परत घरात पाऊल टाकायला रात्रीचे आठ. नवरा रुग्णालयात ब्रदर (परिचारक), त्याच्या पाळ्या आठवड्याला बदलतात. मुलं ९ आणि ५ वर्षांची.

रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकत नाही. अडतं ते सोमवार ते शनिवार. रात्री अंथरुणावर जपमाळ हातात घेतली की तिसऱ्या मण्याला डोळा लागतो. आगमनकाळात (नाताळआधीच्या चार आठवड्यांत) दणक्यात सुरुवात होते आणि नाताळचा फराळ संपेपर्यंत सगळं थंड. "मनापासून बोला, देव ऐकतो" हे ठाऊक आहे, ते कृपया कोणी लिहू नका. मला तपशील हवेत: कधी, किती मिनिटं, नेमकं काय म्हणायचं, आणि लहान मुलांना त्यात कसं घ्यायचं.

नायगाव_स्लो

ताई, जपमाळ तुमच्या प्रवासातच बसते, आणि अगदी मापात बसते. वसई रोड ते बोरिवली मध्ये चार स्टेशनं आहेत: नायगाव, भाईंदर, मीरा रोड, दहिसर. म्हणजे टप्पे पाच, आणि जपमाळेची दशकंही (दहा-दहा मण्यांचे गट) पाच. एक 'आमच्या बापा', दहा 'नमो मारिया', एक 'पित्याला गौरव' याला घाई न करता साडेतीन-चार मिनिटं लागतात. सगळीकडे थांबणारी गाडी पकडली तर एका टप्प्यात एक दशक जमतं. नायगाव ते भाईंदर खाडीच्या पुलामुळे जरा लांब, तिथे वेळ उरतो. तेवढा वेळ गप्प राहायचं, पुढचं दशक आधीच ओढायचं नाही.

स्टेशनाला दशक बांधण्याचा खरा फायदा असा की मन भरकटलं तरी "पुढील स्टेशन" ऐकू आलं की आपण कुठे आहोत ते कळतं. एखादं दशक गर्दीत वाहून गेलं तर गेलं. ते भरून काढायला बसलात की पुढची सगळी दशकं धावत म्हटली जातात, आणि तीन दिवसांनी अख्खी जपमाळच सुटते.

साखळीची जपमाळ लेडीज डब्यात काढू नका. शेजारणीच्या ओढणीत अडकते आणि कडी उघडते. जाड दोऱ्यात गाठी मारलेली घ्या, नाहीतर दहा उंचवटे आणि एक क्रूस असलेली अंगठी. एक हात कडीला असेल तर दुसऱ्या हाताची पेरं आहेतच. अंगठ्याने मोजायची, चार बोटांची बारा होतात, करंगळीची दोन सोडली की दहा.

रहस्यांसाठी (प्रत्येक दशकाला मनन करायचे येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग) फोन उघडू नका, कारण उघडला की व्हॉट्सॲप दिसणारच. एका चिठ्ठीवर लिहून ती रेल्वे पासच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये मागच्या बाजूला सरकवा: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवार प्रकाशाची. घरातल्या आजीच्या पुस्तकात प्रकाशाची रहस्यं सापडली नाहीत तर गोंधळू नका. ती पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली जोडली. त्याआधी गुरुवारी आनंदाची आणि शनिवारी गौरवाची म्हणत.

बोरिवलीनंतर अंधेरीपर्यंत काही म्हणू नका. खिडकी मिळाली तर खिडकी बघा.

केळीची_वाडी

वरचं गणित पटलं, पण नुसत्या गाडीतल्या जपमाळेवर राहू नका. पोप सहावे पॉल यांनी १९७४ साली लिहिलं होतं की मनन नसेल तर जपमाळ म्हणजे आत्म्याशिवायचं शरीर. रेटारेटीत तोंड चालतं, मनन होतंच असं नाही. त्यामुळे दिवसात एकदा तरी बसून, कुणाचं कोपर न लागता, सात ते दहा मिनिटं हवीत.

आता ती कुठून आणायची? रात्रीची आशा सोडा. साडेपाचला उठणाऱ्या माणसाला रात्री साडेदहाला झोप येते हा देहधर्म आहे, श्रद्धेचा कमकुवतपणा नव्हे. संध्याकाळी आठला दारात चप्पल काढताच मुलं अंगावर येणार, तीही वेळ गेली. उरते दुपार. जेज्विट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांनी विवेकपरीक्षण (देवासमोर दिवसाचा आढावा) रात्रीसोबत दुपारीही करायला सांगितलंय, पण आपल्याकडे ते फक्त झोपण्यापूर्वीचं समजलं जातं. डबा खाऊन झाला की जागेवरून उठा. जिना, गच्ची, रिकामी मीटिंग रूम, काहीही चालेल. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि ८ मिनिटांचा गजर लावा. गजर नसेल तर दर मिनिटाला घड्याळ बघितलं जातं.

पहिलं मिनिट आभाराचं. "आरोग्यासाठी धन्यवाद" असलं गुळमुळीत नको, सकाळपासूनची एक नेमकी गोष्ट घ्या: कुणी बसायला जागा दिली, धाकट्याने स्वतः बुटाची नाडी बांधली. दुसऱ्या मिनिटात पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, कारण स्वतःला आपण नेहमीच सोयीने बघतो. मग चार मिनिटं कालच्या दुपारपासून आजच्या दुपारपर्यंतचा दिवस क्रमाने डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. जिथे मन आखडलं किंवा मोकळं झालं तिथे थांबायचं. सातव्या मिनिटाला जे चुकलं त्याची क्षमा, आठव्यात उरलेल्या दिवसासाठी एकच ठराव, तोही छोटा: "आठ वाजता दार उघडल्यावर पहिलं वाक्य अभ्यासाबद्दल नसेल."

बिघडतं दोन ठिकाणी. एक तर ती चार मिनिटं कामांची यादी होते: गॅस बुक करायचाय, फी भरायचीय. खिशात कागद ठेवा, एक शब्द लिहून टाका आणि परत या, मनाशी झटापट करू नका. दुसरं म्हणजे परीक्षणाचं स्वतःला झापणं होतं. मुलांवर आवाज चढतो अशा आईबापांचं हे हमखास होतं. म्हणून आभार आधी आणि चूक नंतर, हा क्रम उलटा करू नका.

रात्रपाळी

तुमच्या यजमानांसाठी लिहितो. बदलत्या पाळीत घड्याळ धरून प्रार्थना टिकत नाही. "सकाळी सहाला" ठरवलं तर रात्रपाळीच्या आठवड्यात सहाला ते वॉर्डात सकाळची इंजेक्शनं देत असतील. वेळ नाही, कडा धरा: कामावर निघण्याआधी एक, झोपण्याआधी एक. झोप सकाळी ९ ला असली तरी त्यांची रात्र तीच. धर्मगुरू म्हणतात त्या प्रहरांच्या प्रार्थनेतली रात्रीची प्रार्थना सगळ्यात आटोपशीर असते. थोडं आत्मपरीक्षण, एक गीत, साधारण एक स्तोत्र, दोन ओळींचं वाचन, शिमोनाचं गीत (लूक २:२९-३२) आणि समारोप. सात-आठ मिनिटं पुरतात. दर रात्री वेगळं स्तोत्र शोधत बसायला नको, ९१वं पाठ करून तेच रोज म्हटलं तरी चालतं. थकलेल्या माणसाला पानं उलटायला लावलं की पुस्तक उशाशी आणि माणूस घोरत.

वॉर्डात असताना दोन रुग्णांच्या मध्ये हाताला सॅनिटायझर चोळायला २० ते ३० सेकंद द्यावे लागतात, आणि 'आमच्या बापा' सावकाश म्हणायलाही साधारण तेवढीच लागतात. हात सुकेपर्यंत प्रार्थना, पुढच्या खाटेवरच्या माणसासाठी. पण औषधाचा डोस मोजताना, सलाईनचे थेंब लावताना काहीही म्हणायचं नाही. तिथे पूर्ण लक्ष देणं हेच त्या माणसाचं देणं आहे. आणि वर सुचवलेली अंगठी ड्यूटीवर नको, अंगठीखाली जंतू राहतात. मोजायचंच नाही.

रविवारी ड्यूटी लागली तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते. बऱ्याच जणांना हे माहीत असतं, तरी "खरी" मिस्सा हुकल्यासारखं वाटून ते दोन्हीकडून राहतात. शनिवारी कामावरून थेट जाणार असाल तर ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) स्वीकारण्याआधी एक तास पोटात काही नको, पाणी आणि औषध सोडून. स्टेशनबाहेरचा वडापाव मिस्सा सुटल्यावर.

नगरकर

मी प्रोटेस्टंट आहे, जपमाळ आमच्यात नाही, म्हणून शास्त्रवाचनापुरतं लिहितो. "वर्षात संपूर्ण बायबल" या योजनेच्या नादी या दिवसांत लागू नका. १,१८९ अध्याय आहेत. रोज ३ धरले तर पहिल्या दोन पुस्तकांचे, म्हणजे उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४०, संपून बरोबर ३१ जानेवारीला लेवीय उघडतं. होमार्पणं, अन्नार्पणं, महारोगाचे नियम. फेब्रुवारीत लोक बुडतात ते इथेच, आणि मग वाटतं की आपल्याच्याने वचन वाचणं होत नाही.

त्यापेक्षा मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय आहेत, रोज अर्धा वाचला तर ३२ दिवसांत होतो आणि वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. किंवा ११९वं स्तोत्र: २२ कडवी, प्रत्येकी ८ ओव्या, रोज एक कडवं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

पाठांतराला कमी लेखू नका. ११७वं स्तोत्र दोनच ओव्यांचं, १००वं पाच, २३वं सहा, १२१वं आठ. चारही पाठ असतील तर वीज गेली, फोन बंद पडला, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली तरी हाताशी काहीतरी आहे. एक ओवी तीन दिवस घोळवायची: पहिल्या दिवशी मोठ्याने वाचायची, दुसऱ्या दिवशी लिहायची, तिसऱ्या दिवशी न बघता म्हणायची. पोळ्या लाटताना छान घोळते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीतं ओवी-अभंगांच्या वळणाची आहेत ती याच कामाला येतात, चाल लागली की शब्द आपोआप राहतात.

पापडीची

सगळ्यांचे आभार. दुपारची कल्पना डोक्यातच आली नव्हती. पासच्या कव्हरची चिठ्ठी आज लिहिते. मुलांचं मात्र राहिलं. संध्याकाळी पूर्ण जपमाळ घ्यावी असा सासूबाईंचा आग्रह आहे. धाकटा दुसऱ्या दशकाला सोफ्यावर उलटा लटकतो, मग रागावणं, मग रडणं.

केळीची_वाडी

पाच वर्षांच्या मुलाला वीस-पंचवीस मिनिटं गुडघ्यांवर ठेवणं म्हणजे प्रार्थनेची शिक्षा लावणं. त्याच्यासाठी एकच दशक. ऑक्टोबर हा जपमाळेचा आणि मे हा मारियेचा महिना, तेव्हा शनिवार-रविवारी पूर्ण म्हणा. एरवी रोज एक दशक सगळ्यांनी मिळून, मग मुलं मोकळी. सासूबाईंना उरलेली चार पुढे चालू ठेवता येतात, त्यांचंही मन राहतं. फक्त त्या चार दशकांच्या वेळी टीव्ही लागता कामा नये, नाहीतर आजीची प्रार्थना आणि मालिका यांची स्पर्धा होते आणि त्यात कोण जिंकतं ते सांगायला नको.

जेवणाआधी घ्या, जेवणानंतर पेंगतात. मोठ्याला 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग सांगायला द्या, बाकीच्यांनी दुसरा अर्धा म्हणायचा. धाकट्याच्या हातात मोजण्याचं काम द्या: वाटीत दहा हरभरे, प्रत्येक प्रार्थनेला एक दुसऱ्या वाटीत. हात गुंतले की पाय शांत राहतात. सुरुवातीला प्रत्येकाने कुणासाठी प्रार्थना ते एका वाक्यात सांगायचं. धाकटा म्हणेल "शेजारच्या मांजरीसाठी". म्हणू दे, दुरुस्त करू नका. आणि दशक चालू असताना रागवायचं नाही, जे काही बोलायचं ते क्रुसाची खूण करून संपवल्यावर.

पापडीची

हरभऱ्यांचं जमेल. एक शेवटची शंका, नायगाव_स्लो यांना: वसई ते नायगाव टप्पा तसा छोटा. विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना) आणि सुरुवातीचे तीन मणी धरले तर पहिलं दशक नायगावच्या पुढे जातं. मग सगळंच एका स्टेशनाने सरकतं.

नायगाव_स्लो

ते प्लॅटफॉर्मवरच उरकायचं, ताई. क्रुसाची खूण, विश्वासांगीकार, एक 'आमच्या बापा', तीन 'नमो मारिया', गौरव, एवढ्याला दोन-तीन मिनिटं. तुम्ही गाडीच्या पाच मिनिटं आधी तिथे असताच. आणि पासची मुदत संपल्यावर नवा पास काढाल तेव्हा चिठ्ठी जुन्या कव्हरसकट टाकून देऊ नका.