जिमचा सल्ला देताना एवढंही विचारा
शुक्राणूंची संख्या सुधारायला अक्रोड खा, तंबाखू सोडा, हा नेहमीचा सल्ला पटतो. पण त्याच्याच जोडीने येणाऱ्या 'जिम लावा, वजन उतरवा' या सल्ल्याला पुरवणी हवी. माझ्या मावसभावाचा शुक्राणूंचा रिपोर्ट शून्य आला. ना दारू, ना सिगारेट. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर कळलं, ट्रेनरच्या नादाने गडी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता. (जिमच्या भाषेत 'कोर्स'. घरी अर्थातच पत्ता नाही.) हे हार्मोन बाहेरून मिळालं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच (वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स) सोडणं आवरतं घेते, आणि वृषणातली शुक्राणूंची निर्मिती थंडावते. दंड तेवढे फुगतात.

इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांची गाडी रुळावर येते, पण महिने लागतात. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे 74 दिवस जातात, तेव्हा पंधरवड्यात पुन्हा तपासणी करून हाय खाण्यात अर्थ नाही.