फिल्टरनुसार क्वेरी जोडताना युजरचं इनपुट सुरक्षित कसं ठेवायचं? पीएचपी, मायएसक्यूएल

कळमना_कोडर

कळमना मार्केटमधल्या संत्रा अडत्यांसाठी आवक-नोंदीचं वेब ॲप आहे. पीएचपी ८, मायएसक्यूएल ८, पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय). शोधाच्या स्क्रीनवर शेतकऱ्याचं नाव, गाव, बहार (आंबिया किंवा मृग, दोन्ही टिक करता येतात), पावती क्रमांक आणि किमान भाव असे फिल्टर आहेत. कोण काय भरेल ते ठरलेलं नाही, म्हणून क्वेरी तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागते. कॉलमच्या शीर्षकावर क्लिक केलं की त्यानुसार क्रम लागतो.

जुना कोड युजरने भरलेल्या प्रत्येक किमतीला (व्हॅल्यूला) ॲडस्लॅशेस (अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश घालणारं पीएचपीचं फंक्शन) लावून ती थेट स्ट्रिंगमध्ये चिकटवतो. डि'सूझा हे नाव बरोबर सापडतं, पण पावती क्रमांकाच्या खान्यात `० ऑर १=१` टाकलं की सगळ्या अडत्यांच्या पावत्या दिसतात. एस्केप केलेलं असूनही असं का होतं? आणि हा कोड बदलायचा तर कसा?

बर्डी_बॅकएंड

एस्केप करणं म्हणजे अवतरणचिन्हाच्या आत असलेल्या मजकुराला बाहेर पडू न देणं, एवढंच. तुमचा पावती क्रमांक आकडा आहे, त्याभोवती अवतरणचिन्हच नाही. `० ऑर १=१` मध्ये एस्केप करण्यासारखं एकही अक्षर नाही, त्यामुळे ॲडस्लॅशेसने ते जसंच्या तसं सोडलं. त्याच वाटेने `युनियन सिलेक्ट` लावून दुसऱ्या टेबलमधला डेटाही काढता येतो.

शिवाय ॲडस्लॅशेसला कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) माहीतच नसतो. जीबीके या चिनी सेटवर 'बीएफ' बाइटनंतर अवतरणचिन्ह आलं की मध्ये घातलेला बॅकस्लॅश आधीच्या बाइटला चिकटून एक अक्षर बनतो आणि अवतरणचिन्ह मोकळं सुटतं. तुमच्याकडे यूटीएफ८एमबी४ असेल तर हा हल्ला लागू नाही, पण एवढ्या आधारावर ते फंक्शन ठेवू नका.

एस्केपच्या मागे न लागता बाइंड करा. क्वेरीचा मजकूर फक्त तुमच्या कोडमधून यावा, किमती वेगळ्या रस्त्याने जाव्यात. दोन रिकामे ॲरे घ्या:

```
अटी = [],  मूल्ये = []

पावती भरली असेल तर:
    अटी[]   = "पावती_क्र = ?"
    मूल्ये[] = पावती

किमान भाव भरला असेल तर:
    अटी[]   = "भाव >= ?"
    मूल्ये[] = किमान_भाव

अटी रिकाम्या नसतील तर:
    क्वेरी .= " व्हेअर " . इम्प्लोड(" अँड ", अटी)

प्रिपेअर(क्वेरी) → एक्झिक्यूट(मूल्ये)
```

प्रत्येक अटीसोबत तिचं मूल्य त्याच ठिकाणी ढकला, म्हणजे प्रश्नचिन्हांचा क्रम चुकत नाही.

पीडीओच्या दोन सेटिंग. कनेक्शनच्या डीएसएनमध्येच (जोडणीचा तपशील देणाऱ्या स्ट्रिंगमध्ये) कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ लिहा, नंतर `सेट नेम्स` चालवून भागवू नका, कारण ते पीडीओला कळत नाही. आणि 'इम्युलेट प्रिपेअर्स' फॉल्स करा. मायएसक्यूएलसाठी ते डीफॉल्टने ट्रू असतं, म्हणजे पीडीओ स्वतःच किमती एस्केप करून स्ट्रिंग जोडतो. बदल लागू झाला का ते मायएसक्यूएलच्या जनरल लॉगमध्ये (आलेल्या क्वेरींच्या नोंदीत) दिसेल: नुसती 'क्वेरी' अशी ओळ न येता 'प्रिपेअर' आणि 'एक्झिक्यूट' अशा वेगळ्या ओळी येतील. त्यानंतर एकच नाव दिलेला प्लेसहोल्डर (किमतीची जागा धरणारी खूण) क्वेरीत दोनदा वापरता येत नाही, तेवढं बघा.

कळमना_कोडर

धन्यवाद भाऊ, अटींचा भाग जमला. पण `ऑर्डर बाय ?` करून कॉलमचं नाव बाइंड केलं तर एरर येत नाही आणि क्रमही लागत नाही. बहारच्या दोन टिकांसाठी `इन (?)` मध्ये स्वल्पविरामाने जोडलेली स्ट्रिंग दिली, तर एकही ओळ येत नाही.

बर्डी_बॅकएंड

दोन्हींचं मूळ एकच. प्लेसहोल्डरच्या जागी फक्त किंमत बसते. 'भाव' बाइंड केलं की डेटाबेसला तो कॉलम दिसत नाही, 'भाव' ही अक्षरं दिसतात. प्रत्येक ओळीला तीच अक्षरं, मग क्रम कशावर लावणार?

कॉलमसाठी नकाशा ठेवा. यूआरएलमधून 'दर', 'दिनांक', 'गाव' अशी किल्ली येईल, आणि खरं कॉलमचं नाव तुमच्या कोडमधल्या ॲरेतून निघेल. किल्ली ॲरेत नसेल तर दिनांक धरा. चढता-उतरता हेही तसंच: 'उतरता' आलं तर `डेस्क`, बाकी काहीही आलं तरी `एएससी`. युजरने पाठवलेला मजकूर क्वेरीत जाता कामा नये, एस्केप करूनसुद्धा नाही.

बहारसाठी जितक्या टिका तितकी प्रश्नचिन्हं: `इन (?, ?)`. एकही टिक नसेल तर ती अटच घालू नका, कारण मायएसक्यूएलमध्ये रिकामा `इन ()` हा सिंटॅक्स एरर आहे.

महाल_डीबीए

वरचं सगळं बरोबर. बाइंड करूनही ज्या जागा सुटतात त्या सांगतो.

नावाचा शोध `लाइक` ने असेल, तर बाइंड केलेल्या किमतीतही `%` आणि `_` वाइल्डकार्डच राहतात. नावात नुसतं `%` टाकणाऱ्याला सगळी यादी मिळेल. अट `शेतकरी_नाव लाइक ? एस्केप '!'` अशी लिहा, आणि किंमत तयार करताना आधी `!` चं `!!` करा, मग `%` चं `!%` आणि `_` चं `!_`. हा क्रम उलटा झाला तर स्वतःच घातलेली उद्गारचिन्हं पुन्हा दुप्पट होतात. शोधाचा स्वतःचा `%` सगळ्यात शेवटी जोडा. तो फक्त मागे लावला तर नावावरचा इंडेक्स वापरला जाऊ शकतो, पुढे लावला की तो शोधाच्या कामी येत नाही.

मराठी कीबोर्डवरून पावती क्रमांक '१२५' असा देवनागरीत येतो, हे आपल्याकडे रोजचं आहे. पीएचपीत त्याला इंट केलं की गुपचूप शून्य होतं. तसंच बाइंड करून आकड्याच्या कॉलमशी ताडलं तरी मायएसक्यूएल शून्यच धरतं. म्हणून आधी पीएचपीच्या स्ट्रटीआर फंक्शनने दहाही देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदला, मग फिल्टरव्हार फंक्शनच्या इंट (पूर्णांक) तपासणीतून न्या. फॉल्स आलं तर क्वेरी चालवू नका, 'क्रमांक तपासा' असा संदेश दाखवा. तुलना `===` नेच करा, नाहीतर खरा शून्यही नापास होईल.

टेबलमधून वाचलेली किंमतही युजरचीच असते. गावाचं नाव नीट बाइंड करून साठवलं आणि महिन्याच्या अहवालात तेच नाव वाचून दुसऱ्या क्वेरीत चिकटवलं, तर हल्ला त्या अहवालात होतो. जुन्या कोडमध्ये `व्हेअर` नंतर टिंबाने जोडलेली प्रत्येक स्ट्रिंग शोधून काढा, फक्त फॉर्म घेणाऱ्या फाइली बघून भागणार नाही.

आणि शोधाच्या स्क्रीनसाठी वेगळा डेटाबेस युजर करा, त्याला लागतात तेवढ्या टेबलांवर फक्त सिलेक्टचा हक्क द्या. 'फाइल' हा हक्क तर वेब ॲपच्या कुठल्याच युजरला देऊ नका. मात्र एका अडत्याने दुसऱ्याच्या पावत्या बघणं यानेही थांबत नाही. त्यासाठी `अडत्या_क्र = ?` ही अट प्रत्येक क्वेरीत कायम ठेवा आणि तिची किंमत सेशनमधून घ्या, फॉर्ममधून नाही.