शब्दचर्चा : ऑटोफॅजीला मराठीत काय म्हणावं?

शाहूपुरीकर : कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी वनस्पतीतली रसायनं आणि कर्करोग यावर मजकूर करतोय. एकानं ऑटोफॅजीला, म्हणजे पेशी स्वतःचेच खराब भाग पचवते त्या क्रियेला, 'आत्मभक्षण' लिहून दिलंय आणि पुढं वाक्य ठोकलंय : 'हळदीतल्या कुरक्युमिनमुळे कर्करोग स्वतःलाच खाऊन टाकतो.' वाचायला झकास, पण पटत नाही.

रंकाळाकाठ : नकोच ते. मूळ शब्द ख्रिस्तियान द दूव यांनी १९६३ साली ग्रीकवरून घडवला, स्वतःला खाणं एवढाच अर्थ. पण 'आत्म' म्हटलं की आत्मघात आठवतो. त्यात शाळेत लयकारिकांना (लायसोसोम, पेशीतल्या पाचक रसांच्या पिशव्या) 'आत्मघाती पिशव्या' म्हणून शिकवलेलं असतं. इथं पेशी मरायला निघालेली नसते, उपासमारीत तग धरत असते. बिघडलेली तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारा मायटोकॉन्ड्रिया), गुठळ्या झालेली प्रथिनं दुहेरी पडद्याच्या पिशवीत गुंडाळायची, ती पिशवी लयकारिकेला जोडायची, आतला माल विरघळवून सुटी अमिनो आम्लं परत कामाला लावायची. यीस्टमध्ये याची जनुकं शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. ठरवून मरणं ते ॲपॉप्टोसिस, त्याची गल्लत नको.

जळव्या : आमच्या गुऱ्हाळावर रस काढला की चिपाडं वाळवून चुलवाणातच जात्यात, त्याच जाळावर काहील उकळती. तसंच हाय की हे. मी तर 'स्वपाचन' म्हणीन. भक्षण म्हटलं की राक्षस डोळ्यापुढं येतोय.

रंकाळाकाठ : स्वपाचन चालेल. पण भावा, खरी मेख 'खाऊन टाकतो' या क्रियापदात आहे. गाठ होण्याआधी हीच सफाई पेशीला सांभाळते. स्वपाचनाला लागणाऱ्या बेक्लिन-१ या जनुकाची एक प्रत काढलेल्या उंदरांत गाठी जास्त झाल्या. गाठ एकदा रुजली, की रक्तपुरवठा तोकडा पडलेल्या तिच्या पेशी त्याच स्वपाचनावर जगतात, केमोचा मारही सोसतात. म्हणून तर स्वपाचन अडवणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन केमोच्या जोडीला देऊन रुग्णांवर चाचण्या झाल्या. तेव्हा 'स्वपाचन वाढवतं, म्हणून गुणकारी' असं लिहिणंही अर्धवटच आहे.

आणखी एक. पेशीत पिशव्या जास्त दिसल्या की लेखक बिनदिक्कत 'स्वपाचन वाढले' लिहितात. पिशव्या भराभर तयार होत असतील, किंवा पुढं लयकारिकेत रिकाम्या होत नसल्यानं साचल्या असतील. दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडं अस्सल शब्द आहे : तुंबणं. वाढलं की तुंबलं, हे तपासल्याशिवाय लिहू नये.

शाहूपुरीकर : मग कुरक्युमिनचं काय लिहू?

रंकाळाकाठ : पोषण मुबलक असताना एमटॉर हे प्रथिन स्वपाचन रोखून धरतं. कुरक्युमिन आणि द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेरॅट्रॉल एमटॉरला दाबतात, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलंय. 'पेशींवरच्या प्रयोगांत' हे शब्द गाळू नकोस.

जळव्या : म्हंजे सांगलीची हळद दुधातनं घेतली तर?

रंकाळाकाठ : दूध खुशाल प्या. कुरक्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडं उतरतं, प्रयोगात ते थेट पेशींवर घालतात. केमो चालू असेल तर कुरक्युमिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, हे मात्र ठळक अक्षरात छापा.

शाहूपुरीकर : वाक्य असं केलं : 'प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या काही पेशींत कुरक्युमिनमुळे स्वपाचन सुरू होते, त्याने पेशी मरते की तगते, हे पेशीचा प्रकार आणि मात्रा यांवर ठरते.' गोळ्यांची सूचना खाली चौकटीत.

जळव्या : आता कसं! छापा.