मदत हवी आहे: गहू बंद केल्यावर सीलिॲकची टेस्ट निगेटिव्ह, आता परत गहू खाऊन टेस्ट करायची का?

नमस्कार मंडळी, प्रश्न माझ्या मुलीचा आहे, कॉलेजला आहे ती. शाळेत असल्यापासून पोट फुगणं, मधेच जुलाब, सारखी थकलेली, आणि हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना, लोहाच्या गोळ्या झाल्या, सिरप झालं, थोडं वाढायचं की परत तिथेच. मग मैत्रिणीने सुचवलं म्हणून तिने गहू पूर्ण बंद केला आणि खरंच सांगते, मुलगी बदलली. पोट शांत झालं, क्लासवरून आली की लगेच आडवी व्हायची तेही थांबलं. तरी निदान पक्कं असावं म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, तर सीलिॲकची (म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं तो आजार) रक्ताची टेस्ट, टीटीजी-आयजीए, निगेटिव्ह.

डॉक्टर म्हणाले या रिपोर्टवर जाऊ नका. या टेस्टमध्ये ज्या अँटीबॉडी बघतात त्या ग्लुटेन पोटात जात असेल तरच रक्तात दिसतात, बंद केलं की हळूहळू उतरतात, आणि आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं म्हणजे बायोप्सीचाही भरवसा नाही. तेव्हा परत रोज निदान दोन स्लाइस ब्रेडमध्ये असतं तेवढं ग्लुटेन, सहा ते आठ आठवडे खायचं, मग रक्त तपासायचं आणि लागली तर एंडोस्कोपी. हे ऐकून तिचा चेहराच पडला. घरी आल्यावर म्हणाली, "आई, आत्ता कुठे बरं वाटायला लागलंय, परत तेच खायला नको ना सांगूस." मला पुढे बोलवेना.

गव्हाची ॲलर्जी नाहीये, ते आधीच बघून झालंय. ॲलर्जीत खाल्ल्यावर थोड्या वेळातच अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं असं होतं, तिला तसं कधीच झालं नाही. त्यामुळे उरलं सीलिॲक नाहीतर नुसतं ग्लुटेन सोसत नाही ते. काही जण म्हणतात, बरं वाटतंय ना मग नाव कशाला हवं. मला हे पटत नाही. नुसतं सोसत नसेल तर कधी थोडंफार पोटात गेलं तर त्रास होईल आणि जाईल, पण सीलिॲक असेल तर वरून काही जाणवलं नाही तरी आत आतड्याला इजा होत राहते, हाडं, रक्त सगळ्यावर परिणाम, आणि पथ्य जन्मभर, कणभरही सूट नाही. एवढं मोठं पथ्य अंदाजावर कसं पाळायचं? आत्ताच बघा, पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं ती फोनवर फोटो काढून मोठी करून वाचते, तरी परवा 'गहू नाही' लिहिलेल्या बिस्किटांत बार्लीचं माल्ट निघालं. गहू नाही म्हणजे ग्लुटेन नाही असं नसतं, बार्ली आणि रायमध्येही असतं, आणि ओट्स गव्हाच्याच मशीनवर दळलेले असले तर तेही गेले.

तर विचारायचं हे की तुमच्यापैकी कोणी असं परत ग्लुटेन खाऊन टेस्ट केली आहे का? त्रास पहिल्या आठवड्यातच सुरू होतो की नंतर, आणि अगदीच सहन झालं नाही तर डॉक्टर मुदतीआधी रक्त घेतात का? तिची परीक्षा झाल्यावरच सुरू करू असं मी ठरवलंय. दुसरं, डीक्यू२ डीक्यू८ ही जीन टेस्ट आधी करावी का? तिला खाण्याचा संबंध नाही आणि दोन्ही नसले तर सीलिॲक जवळजवळ नाहीच म्हणतात, मग पोरीचे हाल तरी वाचतील. असले तरी निदान होत नाही हे माहितीये, कारण ते निरोगी माणसांतही पुष्कळ असतात. आणि जुन्या रिपोर्टमध्ये टोटल आयजीए (रक्तातल्या आयजीए अँटीबॉडींचं एकूण प्रमाण) कुठेच दिसत नाही, तेच मुळात कमी असेल तर टीटीजी-आयजीए खोटं निगेटिव्ह येऊ शकतं असं वाचलं, ते डॉक्टरांना मुद्दाम विचारू ना?

अजून एक. तिचा धाकटा भाऊ सगळं खातो आणि त्याला काही त्रास नाही, पण सीलिॲक सख्ख्या भावंडांत जास्त सापडतो म्हणे. गाळणी, टोस्टर, लाकडी चमचे वेगळे ठेवण्यापेक्षा सगळं घरच ग्लुटेनशिवाय करावं असा आमचा विचार चाललाय, तर त्याआधी, तो खातोय तोवरच त्याचं रक्त तपासून घ्यावं का? ज्यांच्या घरी दोन मुलं आहेत त्यांनी प्लीज सांगा.